हरलेल्या संघाची पारख

कोणताही संघ हरला, की मैदानाबाहेर दुसरा एक सामना सुरू होतो. तो पारावर, उपाहारगृहात, बसस्थानकावर, वकिलांच्या बैठकीत आणि महाविद्यालयाच्या आवारात खेळला जातो. त्यात पंच नसतात, वेळेची मर्यादा नसते, आणि खेळणाऱ्यांपैकी कोणीही कधी बाद होत नाही. हरलेल्या संघात काय उणे होते, कोणाला वगळावे, कोणाला घ्यावे आणि पुढल्या हंगामात संघाचे भवितव्य काय, या प्रश्नांचा खल तेथे चालतो. पुष्कळ सूज्ञ माणसे या चर्चेला रिकामटेकड्यांचा उद्योग समजतात. तसे समजणे बरोबर नाही. पारख करणे ही एक कला आहे. ती साधली तर चाहता हा संघाचा आधार होतो, आणि न साधली तर तोच चाहता संघाच्या पायातील धोंड होऊन बसतो.

या कलेचा विचार करण्यास यवतमाळ जिल्ह्याच्या जवळचे एक ठळक उदाहरण आहे. १४ मार्च २०२४ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विदर्भाचा क्रिकेट संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईकडून १६९ धावांनी पराभूत झाला. या पराभवाची मीमांसा कशी करावी, आणि पुढे जे घडले त्यावरून त्या मीमांसेतील खरे किती नि खोटे किती ठरले, हे पाहणे उद्बोधक होईल.

वऱ्हाडातील माणसाची या संघाविषयीची आस्था समजून घ्यावयाची, तर थोडे मागे जावे लागते. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. त्या वेळी यवतमाळ, अमरावती, अकोला आणि बुलढाणा हे वऱ्हाडचे चार जिल्हे मध्यप्रांताला जोडलेले होते, आणि दोहोंचा मिळून एक संघ ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या नावाने खेळे. हिंदुस्थानचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे जन्माने नागपूरचे. म्हणजे या भूमीत खेळाचे बीज नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु बीज असणे निराळे आणि पीक हाती येणे निराळे. ‘विदर्भ’ या नावाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून या स्पर्धेत उतरू लागला, आणि करंडक त्याच्या हाती यावयास तेथून साठ वर्षे जावी लागली. विदर्भाचा पहिला कसोटीपटू, वेगवान गोलंदाज उमेश यादव, हादेखील २०११ सालीच देशाला लाभला.

अखेर १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरविले. त्या सामन्यात रजनीश गुरबाणी याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी टिपले. पुढल्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी नमवून विदर्भाने करंडक राखला. साठ वर्षे ज्याने फारसे काही मागितले नव्हते, त्या चाहत्याला दोन वर्षांत दोनदा मेजवानी मिळाली. साहजिकच त्याची भूक वाढली. पुढील काही हंगाम मात्र कोरडे गेले. २०२२-२३ साली तर संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. म्हणून २०२४ च्या मार्च महिन्यात विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा अपेक्षा मोठी होती, आणि पराभवानंतरचा चडफडाटही तितकाच मोठा होता.

त्या सामन्याची हकीकत थोडक्यात अशी. विदर्भाचा कर्णधार अक्षय वाडकर याने नाणेफेक जिंकून मुंबईला प्रथम फलंदाजी दिली. मुंबईने एकही गडी न गमावता ८१ धावा केल्या, आणि नंतर पाहता पाहता तिची अवस्था ६ बाद १११ अशी झाली. या क्षणी सामना विदर्भाच्या मुठीत होता. परंतु शार्दूल ठाकूरने ६९ चेंडूंत ७५ धावा फटकावल्या आणि मुंबईची धावसंख्या २२४ पर्यंत नेली. उत्तरादाखल विदर्भाचा पहिला डाव अवघ्या १०५ धावांत संपला. मुंबईने दुसऱ्या डावात ४१८ धावा केल्या, त्यांत मुशीर खानच्या १३६ होत्या. विदर्भापुढे ५३८ धावांचा डोंगर उभा राहिला. तो चढताना वाडकरने १०२, करुण नायरने ७४ आणि हर्ष दुबेने ६५ धावा केल्या. पाचव्या दिवशी सकाळी ५ बाद २४८ वरून वाडकर आणि दुबे यांनी झुंज चालू ठेवली, तेव्हा मुंबईकरांच्याही कपाळावर आठ्या पडल्या असतील. परंतु ही जोडी फुटली आणि सगळा डाव ३६८ धावांत आटोपला. मुंबईने बेचाळिसाव्यांदा करंडक उचलला.

अशा पराभवानंतर चाहत्यांत सामान्यतः तीन पक्ष पडतात. यवतमाळात बोला की नागपुरात, पुसदला बोला की वणीला, हे तीन पक्ष सर्वत्र भेटतात. संघ कोणताही असो आणि खेळ कोणताही असो, त्यांची भाषाही फारशी बदलत नाही.

पहिला पक्ष नाणेफेकवाल्यांचा. त्यांच्या मते सामना पहिला चेंडू पडण्यापूर्वीच हातचा गेला. “भाऊ, नाणेफेक जिंकून बॅटिंग घेतली असती, तर ही पाळी आली नसती,” हे त्यांचे पालुपद. दुसरा पक्ष झाडूवाल्यांचा. त्यांना सगळा संघ झाडून बाहेर काढावयाचा असतो. जो फलंदाज पहिल्या डावात अपयशी ठरला तो निकामी, ज्या गोलंदाजाने धावा दिल्या तो संपला, कर्णधार बदला, प्रशिक्षक बदला, म्हणजे सर्व ठीक होईल, अशी त्यांची खात्री असते. तिसरा पक्ष गाऱ्हाणेवाल्यांचा. मुंबईच्या अंगणात मुंबईशी सामना, मोठ्या शहराचा दबदबा, लहान प्रांताला कोण विचारतो, हे त्यांचे म्हणणे.

या तिन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्याचा अंश नाही असे नाही. पण तो अंशच आहे, आणि अंशाला पूर्ण समजण्यात पारख फसते. नाणेफेकीचेच घ्या. ६ बाद १११ ही स्थिती आली त्या घटकेला कोणीही वाडकरच्या निर्णयाला नावे ठेवली नसती. निर्णयाने आपले काम केले होते. पुढचे काम हातून निसटले. गाऱ्हाणेवाल्यांनाही विचारता येईल, की त्याच हंगामात मध्य प्रदेशाविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने कोठे जिंकला? तो नागपुरातच. अंगणाचा लाभ मुंबईला मिळाला म्हणून रडावयाचे, तर आपल्या अंगणाचा लाभ आपणही घेतला होता हे विसरून कसे चालेल? आणि झाडूवाल्यांचे म्हणणे निवडसमितीने मानले असते, तर काय झाले असते, याचे उत्तर पुढल्या वर्षाने इतके स्वच्छ दिले, की त्याकडे स्वतंत्रपणे यावे लागेल.

या जिल्ह्यात पारख करण्याची एक जुनी रीत आहे आणि ती शेतातली आहे. यवतमाळ हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा जिल्हा. एका वर्षी बोंडे कमी धरली म्हणून येथला कास्तकार शेताला नापीक म्हणत नाही. पाऊस केव्हा आला, पेरणी वेळेवर झाली की दुबार करावी लागली, बियाणे कसे होते, डवरणी आणि निंदण वेळच्या वेळी झाले की नाही, अळी कोणत्या अवस्थेत लागली, अशी तो एकेक गोष्ट निराळी करून पाहतो. त्यांतील काय आपल्या हातचे होते आणि काय नव्हते, हे तो ठरवितो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पीक बुडाले त्या वर्षीदेखील शेताच्या कोणत्या भागात झाडे तग धरून उभी राहिली, तेथे तो मुद्दाम जाऊन पाहतो. संघाची पारख याहून निराळी नाही.

या रीतीने पाहिले, तर २०२४ च्या विदर्भ संघातील उणिवा कोणत्या दिसतात?

पहिली उणीव पहिल्या डावाची. चार-पाच दिवसांच्या सामन्यात पहिला डाव हा घराच्या पायासारखा असतो. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीवरच जय-पराजयाचा निर्णय होतो. विदर्भ अंतिम सामन्यात १०५ धावांत गारद झाला, हे सर्वांच्या डोळ्यांत भरले. परंतु त्याच्या अगोदरच्या उपांत्य सामन्यातही विदर्भाचा पहिला डाव १७० धावांतच संपला होता आणि मध्य प्रदेशाने ८२ धावांची आघाडी घेतली होती. यश राठोडने दुसऱ्या डावात १४१ धावा केल्या, डाव ४०२ पर्यंत गेला आणि विदर्भ ६२ धावांनी जिंकला. जिंकला म्हणून पेढे वाटले गेले आणि १७० चा आकडा कोणाच्या लक्षात राहिला नाही. वस्तुतः अंतिम सामन्यातील पराभवाचे कारण उपांत्य सामन्यातील विजयाच्या पोटात दडलेले होते. खऱ्या परीक्षकाने ते तेथेच पाहावयास हवे होते. हरलेल्या दिवशी उणिवा सर्वांनाच दिसतात. जिंकलेल्या दिवशी ज्याला त्या दिसतात, त्याचीच पारख खरी.

दुसरी उणीव शेपूट गुंडाळण्याची. सहा गडी १११ धावांत बाद करून उरलेल्या चौघांना विदर्भाने ११३ धावा करू दिल्या. शार्दूल ठाकूरच्या तडाख्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर चीत करण्यापूर्वी सैल सोडणे, हा कुस्तीत जसा दोष, तसा येथेही दोषच.

तिसरी उणीव अधिक खोल आहे आणि ती एका सामन्यापुरती नाही. विदर्भाच्या यशात बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूंचा वाटा नेहमीच मोठा राहिला. पहिल्या दोन विजयांच्या वेळी मुंबईचा वासिम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश संघात होते. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही मुंबईचेच. २०२३-२४ च्या हंगामात कर्नाटकातून करुण नायर आणि दिल्लीहून ध्रुव शोरी आले. पाहुण्यांच्या येण्यात कमीपणा काहीच नाही. जाफरसारख्या फलंदाजाला रोज सरावात पाहावयास मिळणे ही तरुणांना मिळालेली शाळाच होती. २०१८-१९ च्या हंगामात त्याने स्वतः एक हजाराहून अधिक धावा केल्या. पण पाहुणा तो पाहुणा. तो आज आहे, उद्या नाही. घरचे माणूस तयार होत नसेल, तर पाहुण्याच्या जिवावर किती वर्षे संसार चालावयाचा?

या उणिवांत भर म्हणून पुढील हंगामापूर्वी घरचेच दोन मोहरे बाहेर पडले. २०१९ च्या अंतिम सामन्यात अकरा गडी बाद करणारा डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे केरळकडे गेला, आणि इंदूरच्या विजयाचा मानकरी रजनीश गुरबाणी महाराष्ट्राकडे गेला. ताळेबंदाच्या नावे बाजूचे हे आकडे पाहून कोणाही चाहत्याने पुढल्या हंगामाविषयी निराश व्हावे, असाच प्रसंग होता.

परंतु ताळेबंदाला जमेची बाजूही असते, आणि ती त्याच पराभवात लिहिलेली होती. कास्तकार उभ्या राहिलेल्या झाडांकडे जातो, तसे वानखेडेवर कोण उभे राहिले हे पाहावे. १०५ धावांच्या त्या दैन्यवाण्या डावात सर्वाधिक २७ धावा यश राठोडच्या होत्या. हर्ष दुबेने मुंबईच्या दुसऱ्या डावात पाच गडी बाद केले आणि नंतर हातात बॅट घेऊन ६५ धावा केल्या. वाडकरने कर्णधाराला शोभेल असे शतक केले. हे तिघेही घरचे. पराभूत संघात ज्याच्या अंगी चिवटपणा दिसतो, तो खेळाडू पुढल्या हंगामाचे बियाणे असतो. झाडूवाल्यांच्या झाडूने हे बियाणेही केराबरोबर बाहेर गेले असते.

२०२४-२५ च्या हंगामात काय घडले? साखळीतील सातपैकी सहा सामने विदर्भाने जिंकले. उपांत्यपूर्व सामन्यात तामिळनाडूला १९८ धावांनी हरविले. उपांत्य सामन्यात पुन्हा मुंबईच समोर उभी राहिली. या दोन मुंबई-विदर्भ सामन्यांचे आकडे शेजारी ठेवले, तर वर्षभरात काय पालटले ते एका दृष्टिक्षेपात कळते. २०२४ साली पहिल्या डावात विदर्भ ११९ धावांनी मागे होता. २०२५ साली विदर्भाने ३८३ धावा केल्या, मुंबईला २७० धावांत रोखले आणि पहिल्या डावात ११३ धावांची आघाडी घेतली. पार्थ रेखडे या नवख्या डावखुऱ्या गोलंदाजाने अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे या तिघांना एकाच षटकात परत पाठविले. दुसऱ्या डावात आरंभीचे गडी झपाट्याने बाद झाले असता यश राठोडने १५१ धावा करून डाव सावरला. आणि चौथ्या डावात हर्ष दुबेने पाच गडी बाद केले. विदर्भ ८० धावांनी विजयी झाला.

अंतिम सामना नागपुरातच केरळशी झाला. विदर्भाचे पहिले तीन गडी २४ धावांत बाद झाले, तेव्हा जुना रोग पुन्हा उलटला असे पुष्कळांना वाटले असेल. परंतु या वेळी दानिश मालेवार या एकवीस वर्षांच्या नागपूरकर तरुणाने १५३ धावा केल्या, करुण नायरने ८६ केल्या, आणि दोघांनी मिळून डाव उभा केला. विदर्भाच्या ३७९ धावांना केरळने ३४२ धावांनी उत्तर दिले. त्यांत ७९ धावा होत्या विदर्भ सोडून गेलेल्या आदित्य सरवटेच्या! दुसऱ्या डावात नायरने १३५ धावा केल्या. २ मार्च २०२५ रोजी सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील अवघ्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. पहिला डाव हाच आपला दुबळा दुवा, असे ज्याने वर्षभरापूर्वी ओळखले असेल, त्याला या ३७ धावांचे मोल इतरांहून अधिक कळले असेल.

हंगामअखेरचे हिशेब तर अधिकच बोलके आहेत. यश राठोडच्या नावावर ९६० धावा लागल्या. त्या हंगामात त्या सर्वाधिक होत्या. हर्ष दुबेने ६९ गडी बाद केले. रणजी करंडकाच्या एका हंगामात इतके गडी त्यापूर्वी कोणीही बाद केले नव्हते. सरवटे गेल्यामुळे फिरकीची बाजू लंगडी पडेल ही भीती होती. त्याच जागी दुबेने विक्रम केला. वानखेडेच्या पराभवात जे दोघे तग धरून राहिले होते, त्यांनीच पुढले पीक उभे केले.

मात्र येथे एका धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. पराभवात जशी सगळी निंदा करू नये, तसे विजयात सगळे झाकूही नये. हे दोन्ही निर्णायक सामने नागपूरच्या मैदानावर झाले, आणि वानखेडेवरील हार मोजताना जी सूट मुंबईला दिली नाही, ती या विजयांना देता येणार नाही. शिवाय करुण नायरने त्या रणजी हंगामात ८६३ धावा केल्या, हे विसरता कामा नये. त्यानंतर तो २०२५-२६ च्या हंगामासाठी आपल्या मूळच्या कर्नाटकाकडे परतला. म्हणजे पाहुणा गेल्यावर घर कसे चालेल, हा प्रश्न विजयाच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा दारात उभा होता. त्याचे पहिले उत्तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाले. इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने शेष भारताच्या संघाला ९३ धावांनी हरविले, आणि त्या सामन्यात १४३ धावांची खेळी केली ती अथर्व तायडेने. हा तायडे अकोल्याचा.

अकोल्याचे नाव निघाले, की यवतमाळचा चाहता कान टवकारतो, आणि त्याने टवकारावेतच. कारण या सर्व चर्चेत त्याच्या जिल्ह्याचा वाटा किती, हा प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा आहे. तो वाटा लहान असला तरी उपेक्षणीय नाही. यवतमाळ जिल्ह्याने विदर्भाला अक्षय कर्णेवार दिला. हा गोलंदाज दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. आरंभी तो उजव्या हाताने गोलंदाजी करी. चेंडू फेकताना मात्र त्याचा डावा हात चाले. प्रशिक्षकाच्या ते ध्यानात आले आणि त्यांनी त्याला डाव्या हातानेही गोलंदाजी करून पाहावयास सांगितले. पुढे २०१७ साली चेन्नई येथे ऑस्ट्रेलियाच्या संघाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने दोन्ही हातांनी चेंडू टाकले. २०१९ च्या अंतिम सामन्यात खालच्या क्रमांकावर येऊन त्याने नाबाद ७३ धावा केल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये मणिपूरविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यात आपली चारही षटके त्याने निर्धाव टाकली आणि वर दोन गडी बाद केले. पुरुषांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये असे तोपर्यंत घडले नव्हते. २०२५ च्या अंतिम सामन्यातही तो विदर्भाच्या अकरांत होता.

कर्णेवारच्या गोष्टीतील सर्वांत महत्त्वाचा भाग विक्रमाचा नाही. मुलगा चेंडू कोणत्या हाताने फेकतो, हे कोणीतरी लक्ष देऊन पाहिले, हा तो भाग आहे. गुण पुष्कळांच्या अंगी असतात. तो ओळखणारा डोळा वेळेवर भेटणे दुर्मिळ. यवतमाळपासून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. उमरखेडपासून तर ते आणखी दूर. तालुक्याच्या गावी मुले बहुधा टेनिसच्या चेंडूने खेळतात, आणि त्या खेळात नाव काढलेल्या मुलाला प्रथम जेव्हा टणक चेंडू आणि गवताची खेळपट्टी भेटते, तेव्हा शहरातील मुलांनी तीच विद्या चार-पाच वर्षांपूर्वी गिरवलेली असते. त्यातून ज्याचे घर कापसाच्या उत्पन्नावर चालते, त्या घरातील मुलाला सरावासाठी शहरात ठेवणे ही आईबापांच्या दृष्टीने चैन ठरते. पावसाने एक वर्ष दगा दिला, की पहिली काट लागते ती याच खर्चाला. अशा रीतीने किती दुबे आणि किती राठोड वाटेतच थांबत असतील, याचा हिशेब कोणत्याही धावफलकावर लिहिला जात नाही.

म्हणून विदर्भाच्या पुढल्या हंगामाचे भवितव्य काय, असे यवतमाळच्या चाहत्याने विचारले, तर त्याचे अर्धे उत्तर जामठ्याच्या मैदानावर शोधावे आणि अर्धे आपल्या जिल्ह्यात. अकोल्याने तायडे दिला, अमरावतीने जितेश शर्मासारखा यष्टिरक्षक दिला, यवतमाळने कर्णेवार दिला. अकरा जिल्ह्यांच्या या प्रदेशात प्रत्येक जिल्ह्यातून दर काही वर्षांनी एक-एक असा खेळाडू वर येत राहिला, तर पाहुणा आला काय आणि गेला काय, संघाचा पाया डळमळणार नाही. तसे न झाले, तर दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी संघ सोडून जाईल आणि तीच रिकामी जागा भरण्याची तीच धडपड पुन्हा सुरू होईल.

चाहत्याच्या हातात यात काय आहे, असे कोणी म्हणेल. थोडे आहे, परंतु ते अगदीच थोडे नाही. जो माणूस दूरदर्शनवर वानखेडेचा सामना पाच दिवस पाहू शकतो, तो आपल्या गावातील चौदा वर्षांखालील मुलांचा सामना एक दिवस पाहू शकतो. मुलाच्या वडिलांना दोन शब्द धीराचे सांगता येतात. शाळेच्या मैदानावर मांडव आणि मोटारी उभ्या राहू लागल्या, तर हे मैदान खेळाचे आहे असे चार जणांना मिळून म्हणता येते. एखाद्या निवृत्त शिक्षकाला गुणलेखकाची वही घेऊन बसता येते. कारण ज्या सामन्याची नोंद नाही, तो सामना निवडणाऱ्यांच्या लेखी झालेलाच नसतो. आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे, हरून परतलेल्या मुलाला “काय केलेस?” असे विचारण्याऐवजी “कसा खेळलास?” असे विचारता येते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर धावफलकावर असते. दुसऱ्याचे उत्तर देताना मुलाला स्वतःचा खेळ आठवावा लागतो, आणि स्वतःच्या खेळाची पारख तेथूनच सुरू होते.

खेळात हार-जीत चालावयाचीच. वानखेडेवर जे घडले ते पुन्हा कधीतरी दुसऱ्या मैदानावर घडेल, आणि त्या संध्याकाळी यवतमाळच्या उपाहारगृहांत तिन्ही पक्ष पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतील. त्या वेळी कोणी एकाने जरी नाणेफेक, अंगण आणि झाडू यांची चर्चा थोडा वेळ थांबवून “आज उभे कोण राहिले?” एवढे विचारले, तर पुढल्या हंगामाची खरी चर्चा तेथून सुरू होईल.